खंदकातली छऱ्याची बंदूक आणि जर्मनीची तार

सुतारपक्षी (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. निमित्त भाच्याचं. परवा त्याच्या व्हिडिओ गेममध्ये डोकावलो. पहिलं महायुद्ध, चिखल, काटेरी तारा, आणि भाचेबुवा एका आखूड बंदुकीच्या एका बारात खंदकातली सगळी माणसं आडवी करतायत. वर मला ज्ञान: "मामा, ही इतकी डेंजर होती की जर्मनांनी तिच्यावर बंदी मागितली होती!" यातलं जर्मनांचं खरं आहे. बाकीच्यावर माझं आणि त्याचं वाजलं. तो ऐकत नाही, म्हणून तुम्हाला पकडलंय.

आधी बंदूक बघू. विंचेस्टर मॉडेल १८९७. रचना जॉन मोझेस ब्राउनिंगची. हा युटामधल्या ऑग्डेन गावचा, बापही बंदुका घडवणारा. पुढचा लाकडी दांडा मागेपुढे सरकवला की रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत, अशी पंपाची बंदूक त्याने १८९३ मध्ये केली. ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. पुढे बिनधुराच्या दारूचा जमाना आला, नळीतला दाब वाढला, तेव्हा तीच बंदूक अंगाने भक्कम करून १८९७ चं मॉडेल निघालं. लष्कराचा यात काही संबंध नव्हता. बदकं मारणारे, शेतकरी, तुरुंगाचे पहारेकरी ही तिची गिऱ्हाइकं. १९५७ पर्यंत बनत होती आणि एकूण नग दहा लाखांच्या वर गेले.

बोअर बारा. ज्यांना हा आकडा कुठून येतो ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. आकडा वाढला की नळी लहान. (हे समजायला मला कॉलेज संपावं लागलं.)

अमेरिका ६ एप्रिल १९१७ ला युद्धात उतरली. तोवर पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजू अडीच वर्षं जमिनीत गाडून बसल्या होत्या. अमेरिकन सैन्याचा सेनापती जॉन पर्शिंग. त्याची बरीच नोकरी फिलिपाइन्समध्ये मोरो लढवय्यांशी झुंजण्यात गेली होती. दाट झाडीतून दहा पावलांवर माणूस अंगावर येतो तेव्हा छऱ्याची बंदूक बरी पडते हा तिकडचा धडा. अमेरिकन लष्कराने तिथे या बंदुका थोड्या प्रमाणात वापरल्याही होत्या. तीच अक्कल खंदकात लावायची ठरली.

त्यासाठी मूळ बंदुकीत जे बदल केले ते मला फार आवडतात, कारण प्रत्येकामागे खंदकातली एकेक अडचण दिसते.

पहिलं, नळी २० इंचांवर आणली आणि तोंडाशी चोक (छर्रे कमी पसरावेत म्हणून नळीचं तोंड किंचित अरुंद करतात तो) ठेवला नाही. पूर्ण बंदूक जेमतेम मीटरभराची. याउलट जर्मन शिपायाची गेवेर ९८ रायफल सव्वा मीटर, आणि संगीन चढवली की दीड मीटरच्या वर. आता खंदक कसा असतो ते डोळ्यापुढे आणा. तो सरळ कालव्यासारखा कधीच खणत नाहीत. काही पावलं सरळ, मग मातीचा सोंड्यासारखा आडवा भाग, त्याला वळसा, पुन्हा काही पावलं. तोफगोळा एका कप्प्यात फुटला तर शेजारचा कप्पा वाचावा, आणि शत्रू एका टोकाला शिरला तर त्याला सगळ्या लांबीवर गोळी चालवता येऊ नये, म्हणून. रुंदी अशी की दोन माणसं एकमेकांना अंग चोरून ओलांडतील. अशा ठिकाणी कोपरा वळताना दीड मीटरचा भाला पुढे धरला की तो आधी मातीत रुततो.

दुसरं, संगीन. अमेरिकन लोकांना ती या बंदुकीवरही हवीच होती. एम १९१७ रायफलीची संगीन, नुसतं पातंच १७ इंचांचं. मीटरभराच्या बंदुकीवर ते लावलेलं चित्रात पाहिलं की हसू येतं, जणू पोराच्या हातात आजोबांची काठी.

तिसरं म्हणजे नळीवरचं छिद्राछिद्रांचं पत्र्याचं आवरण. हे संगिनीमुळेच आलं. संगीन भोसकायची तर डावा हात नळीवर धरावा लागणार, आणि चारसहा बार काढलेली नळी हाताला चटका देणार. म्हणून वर पत्रा, पत्र्याला भोकं, भोकांतून हवा. या आवरणावरूनच लोक 'ट्रेंच गन' लांबून ओळखतात.

नळीखालच्या नळकांड्यात पाच काडतुसं आणि नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या खोलीत एक, असे सहा बार. एका काडतुसात डबल-झिरो मापाचे नऊ छर्रे. छर्रे म्हटल्यावर चिमण्या मारायची मोहरी आठवू नका. एकेक छर्रा ८.४ मिलिमीटरचा, म्हणजे पिस्तुलाच्या गोळीच्या जवळपास. सहा बारांत ५४ गोळ्या झाल्या. शिवाय या बंदुकीत चाप दाबून धरला आणि नुसता पंप मारत राहिलं तर दर वेळी आपोआप बार होतो. सहा बार किती सेकंदांत संपतात ते ज्याच्या त्याच्या दंडावर.

आता भाच्याशी भांडण कशावरून. एका बारात सगळे आडवे, हे होत नाही. बिनचोक नळीतून छर्रे ढोबळमानाने दर गजामागे इंचभर पसरतात. दहा गजांवर नऊ छर्रे थाळीएवढ्या जागेत. म्हणजे नेम धरावाच लागतो. चुकलं तर नऊच्या नऊ मातीत. पन्नास गजांपलीकडे ही बंदूक हातात असणं म्हणजे छत्री असल्यासारखंच, आणि खंदकातून बाहेर पडल्यावर समोरचं मोकळं रान बहुधा त्याहून मोठं असायचं.

आणि संख्या. महायुद्धाच्या काळात विंचेस्टरने वीस हजारांच्या आसपास अशा बंदुका दिल्या. रेमिंग्टनच्या मॉडेल १० च्या काही हजार आणखी. फ्रान्समध्ये अमेरिकन माणसं होती वीस लाख. त्यात आलेल्यांतल्या बऱ्याच बंदुका युद्धकैद्यांवर पहारा करण्यात गेल्या.

मग इतका बोलबाला कसा झाला? माझं मत: जर्मनीच्या तारेने.

२१ जुलै १९१८ ला फ्रान्समधल्या बाकारा भागात जर्मनांनी अमेरिकेच्या ७७ व्या डिव्हिजनचा एक शिपाई पकडला, त्याच्याकडे ही बंदूक सापडली. ११ सप्टेंबरला ५ व्या डिव्हिजनचा आणखी एक. १९ सप्टेंबरला स्वित्झर्लंडमार्फत तारेने जर्मन सरकारचा निषेध वॉशिंग्टनला पोचला: छऱ्याची बंदूक युद्धनियमांविरुद्ध आहे, आणि इथून पुढे ज्या कैद्याजवळ अशी बंदूक किंवा तिची काडतुसं सापडतील त्याला जिवाला मुकावं लागेल. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी २८ सप्टेंबरला उत्तर दिलं. सारांश असा की बंदूक कायदेशीर आहे, वापर थांबणार नाही, आणि आमच्या एका माणसाला जरी असं मारलंत तरी आम्हीही तसाच बदला घेऊ. सहा आठवड्यांत युद्धच संपलं. या धमकीनुसार कोणाला मारल्याची नोंद नाही.

ज्या देशाने २२ एप्रिल १९१५ ला ईप्रमध्ये क्लोरीन सोडला, ज्वालाफेकी नळ्या आणल्या, त्याने बदकं मारायच्या बंदुकीविरुद्ध तक्रार करावी! यातच तिची जाहिरात झाली. जर्मनांना भीती वाटली म्हणजे बंदूक भारीच असणार, असा हिशोब. शंभर वर्षं तोच चाललाय.

---

तिरकीट

वाखू (वाचनखूण) साठवली. झकास धागा.

एक शंका. मी असं वाचलंय की अमेरिकन सैन्यात मातीच्या तबकड्या उडवून नेमबाजी करणारे पट्टीचे खेळाडू होते, आणि ते म्हणे अंगावर येणारे जर्मन हातबॉम्ब हवेतल्या हवेत छऱ्यांनी उडवायचे. खरं आहे का?

---

सुतारपक्षी

तिरकीटभाऊ, ही गोष्ट प्रत्येक लेखात असते, आणि प्रत्येक लेखक ती "असं सांगतात" म्हणून सांगतो. तिथेच काय ते समजा. जर्मन दांड्याचा बॉम्ब अर्ध्या किलोच्या वर. त्याला छर्रा लागला तर तो थोडा वाकडा जाईल, गुमान माघारी थोडाच जाणार? आणि तबकडी उडवणाऱ्या माणसाला ती कुठून निघणार ते माहीत असतं, तो "सोड" म्हणतो तेव्हाच ती निघते. इथे बॉम्ब मातीच्या भिंतीआडून येतो आणि वर पाहायला तुम्हाला हातभर आभाळ.

छऱ्याच्या बंदुकीने तबकड्या उडवायचा सराव विमानातल्या तोफकऱ्यांना देत, हे मात्र खरं. हलत्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरायचा ते त्यातून हाताला कळतं.

---

पानाफास

उत्तम लेख, पण एक दुरुस्ती आणि एक भर.

दुरुस्ती. ही बंदूक हॅमर बाहेर असलेली आहे, म्हणजे मागे घोडा उघडा दिसतो. "चाप दाबून धरला की आपोआप बार" हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण वाचणाऱ्याला वाटेल की हा लष्करासाठी मुद्दाम घातलेला गुण आहे. तसं नाही. आजच्या बंदुकांत चाप आणि घोडा यांच्यामध्ये एक सोडवणारा तुकडा असतो. एक बार झाला की चाप पूर्ण सोडून पुन्हा दाबेपर्यंत घोडा पडत नाही. ब्राउनिंगच्या रचनेत हा तुकडाच नाही. पंप मागे आला की खिट्टी घोड्याला मागे रेटून उभा करते. पंप पुढे जाऊन कुलूप बसलं की घोड्याला अडवायला फक्त चापाची अडकण उरते. तुम्ही चाप दाबूनच ठेवलाय, म्हणजे अडकण नाही, घोडा पडला. शिकाऱ्याच्या हातात हा दोष, खंदकात गुण. पुढच्या मॉडेल १९१२ मध्ये घोडा आत लपवला, पण ही खोड तिच्यातही राहिली.

(मी बंदूकवाला नाही, यंत्रवाला आहे. शिलाई मशीनपासून सगळं उघडून बघायची सवय.)

भर. दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रेंच गनच्या पत्र्याला भोकांच्या चार रांगा असतात, पहिल्या युद्धातल्या बंदुकीला सहा. आणि पहिल्या युद्धातली बंदूक अखंड, दुसऱ्यातली मधून सुटी होणारी. सिनेमात १९१८ दाखवताना चार रांगांची बंदूक दिसली की माझी बायको मला गप्प बसायला सांगते.

---

वकीलकाकू

सुतारपक्षी, लेख छान पण शेवटचा परिच्छेद वकिलाच्या अंगाने फारच घाईचा झाला. "तुम्ही गॅस सोडलात, मग तुम्ही बोलू नका" हा चावडीवर चालणारा युक्तिवाद आहे. अमेरिकेने उत्तर त्यावर उभं केलं नव्हतं.

जर्मनीचा आधार होता १९०७ च्या हेग नियमावलीतलं कलम २३ चं उपकलम 'ई'. अनावश्यक यातना देणारी शस्त्रं, गोळ्या किंवा साहित्य वापरायचं नाही, असं ते कलम. आता यातना 'अनावश्यक' कधी? शस्त्र भयंकर आहे एवढ्याने नाही. ज्या लष्करी कामासाठी ते आहे त्याच्या मानाने यातना जास्त होतात का, हा प्रश्न. त्या वेळचे अमेरिकन लष्कराचे कार्यवाह मुख्य विधी अधिकारी सॅम्युएल अँसेल यांनी जे टिपण केलं त्यात तुलना श्रॅपनेलशी आहे, आणि ती मला बिनतोड वाटते. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेचा एक श्रॅपनेल गोळा म्हणजे पोटात पावणेचारशेच्या आसपास शिशाच्या गोळ्या. तो हवेत फुटतो आणि खाली माणसांवर गोळ्यांचा सडा पडतो. हे दोन्ही बाजू चार वर्षं रोज करत होत्या. पावणेचारशे गोळ्या कायदेशीर आणि नऊ बेकायदा, हे कसं?

जर्मनीच्या बाजूने मांडायचं तर छर्रे नुसत्या शिशाचे, वर कडक धातूचं कवच नाही, म्हणून ते शरीरात चपटे होतात. पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदीचा जाहीरनामा झाला होता. त्या गोळ्यांना आपण 'डमडम' म्हणतो, कारण त्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या सरकारी कारखान्यात निघाल्या. म्हणजे हा सगळा वाद एका अर्थाने आपल्याकडच्या गावाच्या नावाने सुरू झालेला. पण अमेरिकेने त्या जाहीरनाम्यावर सही केलेली नव्हती.

आणि मुख्य मुद्दा, जो सगळे विसरतात. समजा बंदूक बेकायदा आहे. तरी कैद्याला मारायचा अधिकार कुठून आला? त्याच नियमावलीत कैद्यांना माणुसकीने वागवण्याचं बंधन आहे. शिपाई सरकारने दिलेलं हत्यार वापरतो. जर्मनीच्या तारेतला खरा बेकायदा भाग ती धमकी होती.

---

सुतारपक्षी

काकू, दंडवत. पावणेचारशे विरुद्ध नऊ हे भाच्याला सांगणार. त्याला कायदा नाही कळला तरी आकडा कळेल.

---

साधा_माणूस

इतकी माहिती, मेहनत, मान्य. पण माणसं मारायच्या हत्याराच्या भोकांच्या रांगा मोजून आपण काय मिळवतो? लहान मुलं अशा गेममधून शिकतात, आणि आपण त्यावर कौतुकाने लेख लिहितो.

---

सुतारपक्षी

आक्षेप मान्य आहे, उडवून लावत नाही. मी एवढंच म्हणेन की भाचा गेममध्ये एका बारात दहा माणसं मारतो तेव्हा त्याला खंदक म्हणजे काय ते काहीच कळत नाही. कोपरा वळताना पलीकडे काय आहे ते न दिसणं, ओलं काडतूस न बसणं, हातभर आभाळ, हे मोजलं की कळायला लागतं. भोकांच्या रांगांचं पानाफासरावांना विचारा, तो त्यांचा आजार आहे.

---

पानाफास

निषेध. (पण खरं आहे.)

---

घाटावरचा

आमच्या सातारा भागात पहिल्या महायुद्धाच्या आठवणी गावोगावी आहेत. अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. त्या एका गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. म्हणून विचारतो, आपल्या मराठा पलटणींकडे या बंदुका होत्या का?

---

सुतारपक्षी

नाही हो. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. हातात ली-एनफिल्ड रायफली. ट्रेंच गन ही जवळजवळ फक्त अमेरिकेचीच गोष्ट. ब्रिटिश आणि फ्रेंच लोकांनी खंदक साफ करायला बॉम्ब, पिस्तुलं, सुरे आणि खिळे ठोकलेले सोटे वापरले. होय, सोटे. विसाव्या शतकात.

---

घाटावरचा

मग त्याच अनुषंगाने मी एक जोडतो, कारण तुमच्या लेखात खंदकाचा कोपरा फार महत्त्वाचा आहे आणि तो कोपरा ज्यांनी आधी ओलांडला ते आपल्याकडचे होते.

पश्चिम आघाडीवर हिंदी सैन्य १९१४ च्या शरदातच पोचलं. शत्रूच्या खंदकावर रात्री छापा घालायचे जे सुरुवातीचे प्रयत्न झाले त्यात नोव्हेंबर १९१४ मधला ३९ व्या गढवाल रायफल्सचा छापा मोजतात. त्याच महिन्यात, २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री, फेस्टुबेरजवळ जर्मनांनी घेतलेले खंदक परत घ्यायचे होते. नायक दरवानसिंग नेगी यांना डोक्यावर दोन जखमा, दंडावर एक, तरी प्रत्येक पुढच्या वळणावर सगळ्यात आधी शिरणाऱ्यांत ते होते, आणि समोरून अगदी जवळून बॉम्ब आणि गोळ्या येत होत्या. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हेच म्हटलंय, "एकामागून एक वळण". पुढे १० मार्च १९१५ ला न्यूव्ह शापेलला त्याच रेजिमेंटचे गब्बरसिंग नेगी. तेही प्रत्येक वळण आधी ओलांडत गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर.

यांच्या हातात काय? संगीन लावलेली रायफल. ट्रेंच गन यायला अजून तीन वर्षं होती. ब्राउनिंगची बंदूक ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आली तो प्रश्न या दोघांनी उत्तराशिवाय सोडवला.

---

सुतारपक्षी

हे मला सुचलं नव्हतं याची लाज वाटते. धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

यावरून एक गोष्ट पुन्हा ठळक होते: खंदक साफ करायचं खरं हत्यार हातबॉम्बच होतं. पद्धत अशी बसली होती की दोघे संगीनवाले पुढे, मागे बॉम्ब फेकणारे, त्यांच्या मागे बॉम्बच्या थैल्या वाहणारे. वळणापलीकडे बॉम्ब टाकायचा, फुटला की संगीनवाल्यांनी घुसायचं. छऱ्याची बंदूक त्या संगीनवाल्याच्या जागी चपखल बसते, बॉम्बवाल्याच्या नाही.

---

मध्यमावती

'ट्रेंच ब्रूम' म्हणजे खंदकाचा झाडू हे याच बंदुकीचं नाव ना?

---

पानाफास

ताई, हे नाव दोघांना चिकटलंय. जॉन थॉम्प्सन यांची जी टॉमी गन, तीही खंदकाचा झाडू म्हणूनच कल्पिलेली. पण ती तयार होईस्तोवर युद्ध आटोपलं. झाडायला खंदकच उरला नाही, आणि पुढे तिने नाव कमावलं शिकागोच्या गुंडांच्या हातात.

खरा झाडू जर्मनांनीच आणला. १९१८ मध्ये आलेली बर्गमनची एमपी १८, रचना ह्यूगो श्मायसरची. नऊ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी, बाजूला गोगलगाईसारखं गोल मॅगझिन, त्यात ३२ गोळ्या, चाप दाबला की धो धो. आखूड, कोपऱ्यावर वळणारी. विंचेस्टरचे सहा बार झाले की एकेक काडतूस बोटाने खालून सारत बसायचं. म्हणजे ज्या महिन्यांत जर्मन सरकार छऱ्यांविरुद्ध तार लिहीत होतं, त्याच महिन्यांत त्यांचे शिपाई त्याच कामासाठी जास्त चांगलं यंत्र घेऊन फिरत होते. पुढच्या युद्धात सगळ्यांनी नक्कल केली ती याची.

छऱ्यांची बंदूक अगदीच संपली नाही. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन मरीन, मलायाच्या जंगलात ब्रिटिश, मग व्हिएतनाम. म्हणजे पुन्हा झाडीच, जिथे पर्शिंगच्या लोकांनी ती मुळात उचलली होती.

---

देवगडचा_वारा

मी एवढा वेळ गप्प होतो कारण मला वाटलं कोणीतरी काडतुसाचं बोलेल. कोणीच बोललं नाही. बंदूक काय, लोखंड आहे. सगळा खेळ काडतुसाचा.

सुतारपक्षी, तुम्ही वर उत्तरात "ओलं काडतूस न बसणं" एवढं चार शब्दांत उरकलंत. आमच्याकडे आजोबांची बारा बोअर होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं आणि माकडं. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची. दर वेळी आजोबा तिला नातीला सासरहून आणावं तसं आणत. काडतुसं त्या काळी कागदी. म्हणजे पितळी बूड, त्यात टोपी, वर मेण दिलेल्या जाड कागदाचं नळकांडं, त्यात दारू, मग बूच, मग छर्रे, आणि तोंडावर पुठ्ठ्याची चकती.

कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये घेतलेलं काडतूस ऑगस्टमध्ये फुगतं. फार नाही, नखाच्या जाडीएवढंही नाही. पण नळीची खोली ठरलेल्या मापाची, त्यात ते अर्धं जातं आणि बसतं. पुढेही नाही, मागेही नाही. आमची दुनळी, मोडून उघडायची बंदूक, म्हणजे चाकूने उकरून तरी काढता यायचं. पंपाच्या बंदुकीत असं काडतूस अडकलं की संपलंच. समोर डुक्कर असेल तर झाडावर चढता येतं. खंदकात कुठे चढणार?

आणि फ्रान्समधल्या त्या खंदकांत पाणी गुडघाभर, कोटाच्या खिशात काडतुसं. अमेरिकन शिपायांची या बंदुकीविषयीची मोठी तक्रार हीच होती: कागदी काडतुसं भिजून फुगतात, उकलतात, भरताच येत नाहीत. मग लष्कराने संपूर्ण पितळेच्या काडतुसांची मागणी नोंदवली, पण ती पोचेपर्यंत युद्ध संपत आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र पितळी दिली. आणि १९६० च्या सुमारास प्लॅस्टिकची आली तेव्हा जगभरच्या शिकाऱ्यांचा आणि आमच्या आजोबांचा प्रश्न एकदमच सुटला.

तेव्हा भाच्याला विचारा, तुझ्या गेममध्ये पाऊस पडला की काडतूस फुगतं का?

---

सुतारपक्षी

वारेसाहेब, हे मूळ लेखात असायला हवं होतं. मी नळीवरच्या भोकांत अडकलो. (पानाफासराव, हसू नका.)

आजोबा मग पावसाळ्यात काय करायचे?

---

देवगडचा_वारा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तळाला भाजलेले तांदूळ, वर फडकं, त्यावर काडतुसं उभी, झाकणाला मेण. आणि तो डबा चुलीवरच्या माळ्यावर, कारण घरात तेवढीच कोरडी जागा. आजीचं म्हणणं असायचं की रानडुकरांच्या आधी आपलंच घर उडायचं. यावरून त्यांचं चाळीस वर्षं भांडण. तांदूळ दर पंधरा दिवसांनी पुन्हा भाजायचे, ते काम अर्थात आजीकडेच.

---

वकीलकाकू

भाजलेले तांदूळ! आणि तिकडे लष्कराला हे सुचलं नाही.

---

पानाफास

काकू, सुचून उपयोग नव्हता. डब्यातलं काडतूस कोरडं राहील, पण ते शिपायाच्या खिशात एक रात्र राहिलं की झालं. आवरणच बदलायला हवं होतं.

बंदूक अजून आहे का हो घरी?

---

देवगडचा_वारा

बंदूक नाही. आजोबा गेल्यावर वडिलांनी परवाना नावावर करून घेतला नाही, रीतसर जमा केली. काडतुसंही तेव्हाच दिली.

हा धागा वाचून काल आईला फोन केला, डबा आहे का विचारायला. म्हणाली, आहे की, त्याच माळ्यावर. मी म्हटलं उघडून बघ. तिने उघडला. आत सांडगे आहेत, दोन वर्षांपूर्वीचे, अजून कडकडीत.

---

तिरकीट

सांडग्यांचा फोटो टाका.

---

देवगडचा_वारा

आईने तळले.